फिरत्या पाळण्याचे अर्थशास्त्र

यंत्राची किंमत एकदा मोजली की व्यवहार संपला, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. स्थिर यंत्रापुरती ती बऱ्याच अंशी खरीही आहे. परंतु जे यंत्र गावोगाव हिंडून पोट भरते, त्याची किंमत दर मुक्कामाला नव्याने मोजावी लागते. राळेगणसिद्धी ज्या पारनेर तालुक्यात आहे, त्याच तालुक्यात पौषात पिंपळगाव रोठ्याच्या कोरठण खंडोबाची आणि चैत्रात निघोजच्या मळगंगेची यात्रा भरते. याच जिल्ह्यातील पाथर्डी तालुक्यात फाल्गुनात मढीला कानिफनाथांची. या यात्रांच्या हंगामात आकाशपाळणे एका माळावरून दुसऱ्या माळावर जातात. तिकिटाची खिडकी आपल्याला दिसते. त्यामागचा हिशेब मात्र सहसा कोणी मांडत नाही.

पाळणा हलवण्याचा खर्च म्हणजे मालट्रकचे भाडे, एवढेच वरवर पाहता वाटते. वस्तुतः त्याचे तीन भाग पडतात. पहिला, सुटे करण्याचा, वाहतुकीचा आणि पुन्हा उभारण्याचा. दुसरा, रिकाम्या दिवसांचा. कारण उभारणीच्या काळात मजुरांची मजुरी आणि कर्जाचे व्याज चालू असते, उत्पन्न मात्र शून्य असते. तिसरा भाग सर्वांत कमी दिसणारा आहे, आणि तोच सर्वांत महत्त्वाचा. दर उभारणीनंतर पाळणा हे एक नवे यंत्र असते. जमीन नवी, पायाचा आधार नवा, प्रत्येक नटबोल्ट नव्याने आवळलेला. ते सुरक्षित आहे हे दर वेळी नव्याने सिद्ध करावे लागते, आणि सिद्ध करण्याला वेळ आणि पैसा लागतो.

आता केवळ उदाहरणादाखल आकडे घेऊ. एका मुक्कामाचा हा सगळा खर्च साठ हजार रुपये आहे असे समजा. यात्रा पंधरा दिवसांची असेल तर दिवसाला चार हजारांचा बोजा पडतो. तीनच दिवसांची असेल तर तो वीस हजारांवर जातो. आपल्याकडील बहुतेक ग्रामदैवतांच्या यात्रा दोन-तीन दिवसांच्याच असतात. त्यात जागेचा लिलाव चढा गेला तर मालकाला भाडेही जड जाते. तिकीट वाढवावे तर पोरे पाठ फिरवतात. मग काटकसर कुठे होणार? ट्रकवाला पैसे सोडत नाही, यात्रा कमिटी जागाभाडे सोडत नाही. उरतो तो तिसरा भाग, तपासणीचा. तो वगळला तर त्या दिवशी कोणालाच काही कळत नाही.

मोठ्या यंत्रांच्या बाबतीत हा हिशेब अधिक स्पष्ट होतो. अमेरिकेत टेक्सासमधील सॅन अँटोनियो येथील एक उद्यान १९८० साली बंद पडले. तेथील लाकडी रोलर कोस्टर पेनसिल्व्हेनियातील एका उद्यानाने विकत घेतला, फळ्यांवर क्रमांक घालून तो सोडवला आणि १९८५ साली तेथे पुन्हा उभा केला. राखेतून उठणाऱ्या फिनिक्स पक्ष्याचेच नाव त्याला देण्यात आले. लाकूड प्रवासाला निघाले, पाया मात्र टेक्सासच्या मातीतच राहिला. तो नव्या जागी नव्यानेच घालावा लागला. जे जमिनीत गेले ते गेले. अर्थशास्त्रात यालाच बुडीत खर्च म्हणतात.

म्हणूनच आपल्याकडे यंत्र हलवण्याऐवजी मालकी हलते. खोपोलीजवळचे इमॅजिका उद्यान २०१३ साली सुरू झाले, पुढे कर्जात अडकले आणि २०२२ मध्ये आपल्याच जिल्ह्यातील संगमनेरच्या मालपाणी समूहाने ते ताब्यात घेतले. तेथील ‘नायट्रो’ हा रोलर कोस्टर जागचा हलला नाही. बदलली ती कागदावरची नावे, आणि काही रकमेवर पाणी सोडावे लागले ते कर्ज देणाऱ्यांना. मोठ्याला असा मार्ग उपलब्ध असतो. यात्रेतल्या पाळणेवाल्याला तो नसतो. २०२० च्या मार्चनंतर यात्रा थांबल्या तेव्हा त्याचे उत्पन्न थांबले. व्याज आणि गंज थांबले नाहीत.

परंतु सहानुभूतीने अपघात टळत नाहीत. सप्टेंबर २०२२ मध्ये पंजाबातील मोहाली येथील मेळ्यात एक पाळणा उंचावरून कोसळून अनेक जण जखमी झाले. त्याआधी जुलै २०१९ मध्ये अहमदाबादच्या कांकरिया येथे कायम उभ्या असलेल्या एका झोक्याच्या दुर्घटनेत जीवितहानी झाली होती. एकाच जागी असलेल्या यंत्राची ही गत, तर दर आठवड्याला जोडल्या-तोडल्या जाणाऱ्याला किती जपावे लागेल?

उपाय अवघड नाही. जागेच्या लिलावात सर्वाधिक बोली लावणाऱ्याकडे पाहण्याऐवजी गावाने तीन अटी घालाव्यात: यात्रेआधी उभारणीसाठी दोन दिवस बिनभाड्याचे मिळावेत, जवळच्या तंत्रनिकेतनातील जाणकाराची तपासणी सक्तीची असावी, आणि तिचे शुल्क जागाभाड्यातून वळते व्हावे, प्रवाशांचा विमा उतरवलेला असावा. म्हणजे तिसरा भाग मालकाच्या मर्जीवर राहणार नाही.

गावाला हे कसे जमणार, अशी शंका ज्यांना येईल त्यांनी राळेगणसिद्धीकडे पाहावे. १९७५ नंतर अण्णा हजारे यांच्या प्रेरणेने या गावाने चराईबंदी, कुऱ्हाडबंदी आणि नशाबंदीसारखे कठीण निर्णय ग्रामसभेत घेतले आणि पाळले. कोणाच्या तरी तात्कालिक उत्पन्नावर त्या प्रत्येक निर्णयाने मर्यादा घातली होती. तेथे बांधबंदिस्तीवर झालेला खर्चही हलवता येणारा नाही. परंतु तो बुडाला नाही, जमिनीत जिरला आणि विहिरींना पाणी देऊन गेला. जे गाव गुरांच्या चरण्याला नियम लावू शकते, ते तीन दिवसांच्या पाळण्यालाही लावू शकेल. ग्रामसभेने यात्रेपूर्वीच्या बैठकीत वर्गणीच्या विषयाबरोबर एवढा एक विषय घ्यावा. त्यासाठी दुर्घटनेची वाट पाहण्याचे कारण नाही.