परदेशस्थाचे अमेरिकेतील गृहकर्ज : काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

अमेरिकेत नोकरीनिमित्त गेलेल्या आणि तेथेच स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांत, मग ती न्यू जर्सीतील एडिसनची असोत, टेक्सासमधील डॅलसच्या परिसरातील असोत वा कॅलिफोर्नियातील फ्रीमाँटची असोत, स्वतःच्या घराचा विषय निघाला की एक समजूत इतक्या निःशंकपणे मांडली जाते की तिची शहानिशा करण्याची गरजही कोणास भासत नाही. ती समजूत अशी की, ग्रीन कार्ड हाती पडल्याखेरीज तेथील बँक परदेशी नागरिकास गृहकर्ज देत नाही, सबब तोवर भाड्याच्या घरात दिवस काढणे प्राप्त आहे. भारतात जन्मलेल्या नोकरदारांची ग्रीन कार्डासाठीची रांग किती लांबली आहे हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या समजुतीची किंमत निराळी सांगावयास नको. मुले लहान असतात, त्यांच्या शाळेच्या दृष्टीने गाव निवडावयाचे असते, ती नेमकी वर्षे एका ऐकीव गोष्टीच्या भरवशावर निघून जातात.

वस्तुस्थिती समजण्यासाठी तेथील कर्जव्यवहाराची घडण थोडी पाहिली पाहिजे. अमेरिकेतील बँक गृहकर्ज देते खरी, परंतु ते आपल्या दप्तरी तीस वर्षे सांभाळीत बसत नाही. बहुधा ती ते फॅनी मे किंवा फ्रेडी मॅक या दोन प्रचंड संस्थांपैकी एकीस विकून टाकते आणि मोकळ्या झालेल्या पैशातून दुसऱ्यास कर्ज देते. यांपैकी पहिली 1938 साली व दुसरी 1970 साली स्थापन झाली आणि 2008 च्या आर्थिक अरिष्टापासून दोन्ही सरकारी देखरेखीखाली आहेत. जे कर्ज या संस्था विकत घेणार नाहीत ते देण्यास सामान्य बँक हात आखडता घेते; म्हणून या संस्थांचे नियम हेच व्यवहारात कर्जाचे नियम ठरतात. आणि त्यांचा नियम स्पष्ट आहे: देशात कायदेशीर वास्तव्य असलेल्या परदेशी नागरिकास, त्याचे वास्तव्य कायम असो वा मुदतीचे, अमेरिकन नागरिकास ज्या शर्ती लागू त्याच शर्तींवर दिलेले कर्ज त्या विकत घेतात. एच-1बी व्हिसावरील अर्जदाराने पासपोर्ट, व्हिसाच्या मंजुरीचे पत्र, आय-94 हा देशप्रवेशाचा दाखला आणि मिळकतीचे पुरावे सादर करावयाचे, एवढेच अधिकचे काम. व्हिसाची चालू मुदत वर्षभरात संपत असली तरी तेवढ्यावरून अर्ज नामंजूर झालाच पाहिजे असे नाही. मागील मुदतवाढीचा इतिहास व मालकाचे पत्र यांनाही वजन असते.

मात्र एखादी बँक या किमान नियमांवर आपल्या स्वतःच्या अधिक कडक अटी लादू शकते, आणि पुष्कळ बँका तसे करतात. एका काउंटरवर मिळालेला नकार हा त्या बँकेच्या धोरणाचा नकार असतो. तो देशाचा कायदा समजून घरी परतणे ही आपल्या मंडळींची फार जुनी खोड आहे. 1974 च्या समान पतसंधी कायद्याने वंश, वर्ण, धर्म किंवा मूळ राष्ट्र यांवरून कर्जात भेदभाव करण्यास मनाई आहे. वास्तव्याचा दर्जा विचारात घेण्यास मात्र तो कायदा कर्जदात्यास मोकळीक देतो, कारण कर्जवसुलीच्या हक्काशी त्याचा संबंध पोहोचतो. अर्थात ‘तुम्ही भारतीय आहात’ हे नकाराचे कारण होऊ शकत नाही, आणि नकार मिळाल्यास त्याची कारणे लेखी मागण्याचा अधिकार अर्जदारास आहे. तो अधिकार बजावण्यास संकोच करू नये.

उलट दिशेचाही एक गैरसमज सध्या फिरतो आहे, आणि तो अधिक घातक आहे, कारण तो काल-परवापर्यंत खरा होता. फेडरल हाउसिंग अ‍ॅडमिनिस्ट्रेशन या 1934 पासूनच्या सरकारी खात्याच्या विम्याने संरक्षित असलेली कर्जे, जी पतगुण 580 असतानाही केवळ साडेतीन टक्के रक्कम आगाऊ भरून मिळत, ती नवागतांना सर्वांत सुलभ असा सल्ला जुनी जाणती मंडळी आजही देतात. परंतु मार्च 2025 मध्ये गृहनिर्माण खात्याने नियम पालटला आणि 25 मे 2025 पासून नोंदल्या जाणाऱ्या प्रकरणांत मुदतीच्या व्हिसावरील रहिवाशांना हे दार बंद झाले. ग्रीन कार्डधारकांना ते अद्याप खुले आहे. ज्यांनी चारपाच वर्षांपूर्वी याच मार्गाने घर घेतले त्यांचा अनुभव खोटा नाही, पण तो आजच्या एच-1बीधारकास उपयोगाचाही नाही.

यानंतर येतो पत-नोंदीचा प्रश्न, आणि माझ्या मते सारी मेख येथेच आहे. परकेपणामुळे जितके अर्ज अडतात त्यापेक्षा नोंदीच्या अभावामुळे अधिक अडतात. पुण्यात दोन वाहनकर्जे वेळेवर फेडलेला, सिबिलचा उत्तम गुणांक बाळगणारा गृहस्थ नेवार्कच्या विमानतळावर उतरतो त्या क्षणी अमेरिकेच्या पतदप्तरात त्याचे पान कोरे असते. एक्विफॅक्स, एक्सपिरियन व ट्रान्सयुनियन या तीन संस्थांना त्याच्या भारतातील सचोटीची खबर नसते. अमेरिकन एक्स्प्रेससारखी एखादी कंपनी भारतातील पतइतिहास पाहून नवागतास कार्ड देते, आणि प्रारंभ करण्यास तो मार्ग चांगला आहे. परंतु गृहकर्जासाठी पाहिला जाणारा फिको गुणांक सिद्ध होण्यास किमान एक खाते सहा महिने चाललेले असावे लागते. ‘आम्ही कोणाचे एक पैसा देणे लागत नाही’ या अभिमानाने ज्यांनी वर्षानुवर्षे कार्डच घेतले नाही, त्यांचा सद्गुण या हिशेबात गुण म्हणून नोंदला जात नाही. हे अन्यायाचे वाटते, आणि काही अंशी आहेही. तथापि नियम ठाऊक असेल तर त्यावर उपाय स्वस्त आहे. बँकेत दोनतीनशे डॉलर अनामत ठेवून तेवढ्याच मर्यादेचे कार्ड घेता येते आणि पतइतिहास तेथून सुरू होतो.

या कार्डाबाबत एक चूक इतकी सार्वत्रिक आहे की ती जवळून दाखविणे आवश्यक वाटते. समजा कार्डाची मर्यादा 500 डॉलर आहे. महिन्याभरात किराणा आणि पेट्रोल यांवर त्यातून 450 डॉलर खर्च झाले. बिल आले आणि गृहस्थाने ते मुदतीच्या आत पैन् पै चुकते केले. त्याच्या मते व्यवहार निर्दोष आहे, आणि व्याजाच्या दृष्टीने तो आहेही. परंतु पतनोंदी ठेवणाऱ्या त्या तीन संस्थांकडे सामान्यतः बिल निघाल्या दिवसाची बाकी कळविली जाते. त्यांच्या दप्तरी हा मनुष्य मर्यादेच्या 90 टक्के कर्ज वापरणारा, म्हणजे गळ्यापर्यंत बुडालेला दिसतो. फिको गुणांकात वेळेवर परतफेडीला 35 टक्के व देण्याच्या प्रमाणाला 30 टक्के वजन आहे, हे लक्षात घेतले म्हणजे गुणांक का घसरला याचा उलगडा होतो. बिल निघण्यापूर्वीच चारशे डॉलर भरून टाकले असते तर तोच खर्च 10 टक्के दिसला असता. कार्डावर थोडी बाकी मुद्दाम ठेवून व्याज भरल्याने पत वाढते, ही समजूत तर सर्वस्वी निराधार आहे. त्याचप्रमाणे चार बँकांकडे दर विचारल्याने पत खालावते ही भीतीही फोल आहे. गृहकर्जासाठी थोड्या दिवसांत केलेल्या चौकशा एकच चौकशी म्हणून धरल्या जातात, मात्र त्या पंधरवड्यात उरकाव्या.

गुणांक मुळीच नसेल तरी मार्ग सर्वस्वी खुंटत नाही. गेल्या 12 महिन्यांचे घरभाडे, वीजबिल, विम्याचे हप्ते यांच्या नोंदींवरून अर्ज तपासण्याची तरतूद नियमांत आहे. ही तपासणी बहुधा केवळ यंत्राने होत नसून माणसाने करावयाची असल्यामुळे मोठ्या बँका तीस कंटाळतात आणि गावातील क्रेडिट युनियन, म्हणजे सभासदांच्या मालकीची सहकारी पतपेढी, ती करण्यास अधिक राजी असते. भाडे रोखीने देणाऱ्याची येथे पंचाईत होते, कारण पावतीवाचून त्या बारा महिन्यांची रुजवात घालणार कशी? भाडे नेहमी खात्यातून द्यावे.

सहकारी पतपेढ्यांचे महत्त्व ज्यांच्यापाशी सोशल सिक्युरिटी क्रमांकच नाही त्यांच्या बाबतीत विशेष जाणवते. अमेरिकन प्राप्तिकर खात्याने 1996 पासून अशा करदात्यांसाठी आयटीआयएन नावाचा नऊ आकडी, 9 ने सुरू होणारा क्रमांक ठेविला आहे. त्याने नोकरीचा वा वास्तव्याचा हक्क मिळत नाही, पण त्या क्रमांकाने कर भरत आलेल्या मनुष्याच्या मिळकतीचा पुरावा सरकारी दप्तरातच तयार होत जातो. नॉर्थ कॅरोलायनातील डरॅम येथे रोकड जवळ बाळगणाऱ्या स्थलांतरित मजुरांना गाठून लुटण्याचे प्रकार वाढले, तेव्हा 2000 साली तेथे लॅटिनो कम्युनिटी क्रेडिट युनियन उभी राहिली. तिने ज्यांना बँक उभे करीत नव्हती त्यांची खाती उघडली आणि पुढे या क्रमांकावर गृहकर्जेही दिली. अशा कर्जांना आगाऊ रक्कम व व्याज बहुधा जास्त पडते, कारण कायदेशीर वास्तव्याचा पुरावा नसल्यास फॅनी मे वा फ्रेडी मॅक ती विकत घेत नाहीत आणि जोखीम संस्थेसच सोसावी लागते. तरीही घरमालकाशी परस्पर करार करून हप्ते भरत राहावयाचे आणि शेवटचा हप्ता फिटेपर्यंत मालकीहक्क त्याच्याच नावावर ठेवावयाचा, या प्रकारापेक्षा हे कर्ज कितीतरी सुरक्षित होय. त्या करारात दोन हप्ते चुकले की दहा वर्षांची पुंजी बुडू शकते.

आपल्या समाजात हा आयटीआयएन क्रमांक बहुधा एच-4 व्हिसावरील पत्नीपाशी असतो, जिला कामाची परवानगी नसते. ‘तुझी मिळकत नाही, सोशल सिक्युरिटी क्रमांक नाही, म्हणून घरावर नाव लागणार नाही’ असे तिला सांगितले जाते आणि ती ते निमूटपणे मान्य करते. हे असत्य आहे. कर्जफेडीची वचनचिठ्ठी आणि मालकीचे खरेदीखत हे दोन भिन्न दस्तऐवज आहेत. वचनचिठ्ठीवर एकट्या पतीची सही असूनही खरेदीखतावर दोघांची नावे लागू शकतात आणि सामान्यतः लावावीही. तिने तारणाच्या दस्तावर सही केली म्हणजे कर्जदात्याची हरकत राहत नाही. पतीच्या पश्चात वा संसार मोडल्यास परमुलखात एकट्या पडलेल्या स्त्रीच्या हाती हा कागद असणे किती मोलाचे आहे, हे मला येथे आग्रहाने नमूद करावेसे वाटते.

घराच्या किमतीच्या 20 टक्के रक्कम हाती असल्याशिवाय अर्जच करू नये, हाही एक प्रचलित समज आहे. उत्पन्नाच्या मर्यादेत बसणाऱ्यांना 3 टक्के भरूनही कर्ज मिळते; 20 टक्क्यांहून कमी भरल्यास खासगी विम्याचा हप्ता पडतो इतकेच. 1998 च्या कायद्यान्वये, हप्ते नियमित असल्यास, कर्ज मूळ किमतीच्या 80 टक्क्यांवर आले की तो विमा रद्द करण्याची मागणी करता येते आणि 78 टक्क्यांवर तो आपोआप रद्द व्हावयास हवा.

पुष्कळांची ही आगाऊ रक्कम पुण्याहून वा कोल्हापुराहून, आईवडिलांच्या ठेवीतून येते, आणि येथे प्रामाणिक माणसेही अडचणीत येतात. मासिक मिळकतीच्या निम्म्याहून मोठी रक्कम खात्यात एकाएकी जमा झालेली दिसली की कर्जाची छाननी करणारा अधिकारी तिचा उगम विचारणारच. गुप्त कर्ज काढून ते बचत म्हणून दाखविले नाही ना, याची खातरजमा करणे त्याचे कामच आहे. वडिलांची ठेव मोडल्याची पावती, बँकेतून पैसे पाठविल्याचा दाखला, आणि ही देणगी असून परत मागणार नाही असे वडिलांच्या सहीचे पत्र, एवढे तीन कागद आधीच लावले तर प्रश्न मिटतो. रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली निवासी भारतीयास वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम परदेशी पाठविता येते. देणगी वर्षात दहा लाख रुपयांपलीकडे गेल्यास वरच्या रकमेवर 20 टक्के कर आगाऊ कापला जातो, जो पुढे वडिलांच्या प्राप्तिकरात वजा मिळतो. तिकडे अमेरिकेत मुलास त्या देणगीवर कर नसला तरी वर्षात एक लाख डॉलरहून अधिक आल्यास 3520 क्रमांकाचा नमुना भरून कळविणे भाग आहे, आणि तो न भरल्याचा दंड जबर आहे. ही रक्कम व्यवहाराच्या आदल्या आठवड्यात न मागविता दोनतीन महिने आधी आणवावी.

राहिली ती सर्वांत खोल भीती: नोकरी सुटली, साठ दिवसांत देश सोडण्याची पाळी आली, तर घर जप्त होईल काय? घराची मालकी व्हिसावर अवलंबून नाही. हप्ते भरले जात असतील तोवर भारतात राहणाऱ्या माणसाचेही ते घर त्याचेच राहते; कर्जाच्या शर्तीप्रमाणे सुरुवातीचे वर्षभर स्वतः राहून झाले असेल तर ते भाड्यानेही देता येते. मात्र तेथील करदृष्ट्या अनिवासी झाल्यानंतर विकावयाचे ठरले तर खरेदीदाराने सामान्यतः विक्रीकिमतीच्या 15 टक्के रक्कम कापून अमेरिकन सरकारजमा करावी असा तेथील कायदा आहे. प्रत्यक्ष कर त्याहून कमी निघाल्यास विवरणपत्र भरून उरलेली रक्कम परत मिळते. परंतु तोवर ती अडकून राहते, म्हणून विक्री संभवत असेल तर देश सोडण्यापूर्वीच करसल्लागाराशी बोलून घ्यावे.