तारीख कोणाच्या हाती?

गेल्या १५ जानेवारीस वारजे-माळवाडीच्या मतदानकेंद्रांवर ज्या रांगा लागल्या, त्यांत पंचविशी गाठलेले असे कितीतरी तरुण होते, की ज्यांनी लोकसभेसाठी मत दिले होते, विधानसभेसाठी दिले होते. परंतु आपल्या गल्लीतील गटाराची आणि नळाच्या पाण्याची दाद ज्याच्याकडे मागावयाची, तो नगरसेवक निवडण्याची संधी मात्र त्यांना प्रथमच लाभत होती. पुणे महापालिकेची यापूर्वीची निवडणूक फेब्रुवारी २०१७ मध्ये झाली. त्या सभागृहाची मुदत १४ मार्च २०२२ रोजी संपली. पुढील मतदान झाले ते १५ जानेवारी २०२६ रोजी, म्हणजे तीन वर्षे दहा महिन्यांच्या विलंबाने.

निकालानंतर मतदारयाद्या, दुबार नावे, मतदानयंत्रे आणि पैशाचा वापर यांविषयी जे वादंग माजले, त्यांतील एकही प्रश्न आम्ही क्षुल्लक मानीत नाही. त्यांची चौकशी झाली पाहिजे आणि ती निःपक्षपाती असली पाहिजे. परंतु मतदानाच्या दिवसापुरतीच निवडणुकीची शुद्धता पाहणाऱ्यांस आम्ही एक साधा प्रश्न विचारू इच्छितो. तो दिवस ठरविला कोणी?

आम्ही काही वर्षे शाळेत शिकविण्याचे काम केले आहे. परीक्षेत नक्कल होऊ नये म्हणून वर्गात फेऱ्या घालणे हे शिक्षकाचे कर्तव्यच होय. पण समजा, परीक्षा कधी घ्यावयाची, अभ्यासक्रम किती ठेवावयाचा आणि वर्गात बाके कशी मांडावयाची, हे सारे वर्गातील एका विद्यार्थ्यानेच ठरविले, तर मग आमच्या त्या फेऱ्यांना कितीसा अर्थ उरणार? विद्यार्थी प्रामाणिक असेलही. पण त्या परीक्षेवर इतरांचा विश्वास बसणार नाही. निवडणुकीचेही तसेच आहे.

घटनाकारांच्या वारसदारांना हा धोका ठाऊक होता. १९९३ साली अमलात आलेल्या ७४व्या घटनादुरुस्तीने नगरपालिकेची मुदत पाच वर्षांची, त्याहून अधिक नव्हे, असे निःसंदिग्धपणे सांगितले आणि ती संपण्यापूर्वीच पुढील निवडणूक पूर्ण व्हावी असा दंडक घातला. त्यासाठी स्वतंत्र राज्य निवडणूक आयोग निर्माण झाला. हा दंडक पाळणे आयोगावर बंधनकारक आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २००६ सालीच दिला होता.

मग महाराष्ट्रात काय घडले? फेब्रुवारी २०२२ मध्ये पुण्यासाठी तीन सदस्यांच्या प्रभागांची रचना जाहीर झाली: ५८ प्रभाग, १७३ सदस्य. मार्चमध्ये विधिमंडळाने कायदा दुरुस्त करून प्रभागरचनेचा अधिकार आयोगाकडून काढून राज्य सरकारकडे घेतला. तेव्हा सत्तेवर महाविकास आघाडी होती, आणि विरोधी बाकांवरूनही या दुरुस्तीस विरोध झाला नाही, हे येथे मुद्दाम नमूद करावेसे वाटते. पुढे सरकार बदलले. ऑगस्टमध्ये नव्या सरकारने पुन्हा २०१७च्या धर्तीवर चार सदस्यांचे प्रभाग आणले. प्रकरण न्यायालयात गेले आणि ‘जैसे थे’च्या आदेशात अडकून पडले. पुण्याने २००७ साली एकसदस्य, २०१२ साली द्विसदस्य आणि २०१७ साली चारसदस्य प्रभाग पाहिले होते. ज्याच्या हाती सत्ता, त्याच्या सोयीची रेघ! या दोषातून कोणताही प्रमुख पक्ष मुक्त नाही.

इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा प्रश्न सुटेपर्यंत निवडणूक कशी घ्यावयाची, असे यावर म्हटले जाते. हा युक्तिवाद आम्ही झटकून टाकीत नाही. ज्या समाजांना शतकानुशतके सभागृहाबाहेर ठेवले, त्यांचा न्याय्य वाटा डावलून घेतलेली निवडणूक ही अपुरी निवडणूक होय. परंतु बांठिया आयोगाच्या अहवालानंतर जुलै २०२२ मध्येच न्यायालयाने त्या आरक्षणासह निवडणूक घेण्याची वाट मोकळी केली होती. त्यानंतर अवघ्या काही दिवसांत रचना बदलली नसती, तर पुढचा विलंब टळला असता. अखेर ६ मे २०२५ रोजी न्यायालयालाच मुदत घालून द्यावी लागली, आणि तीही पुढे ३१ जानेवारी २०२६ पर्यंत वाढवावी लागली.

या काळात महापालिकेचा कारभार प्रशासकाने चालविला. आयुक्त हाच प्रशासक. स्थायी समिती तोच आणि सर्वसाधारण सभाही तोच. त्यानेच प्रस्ताव मांडावयाचा, त्यानेच त्यास मंजुरी द्यावयाची. अशा रीतीने चार अंदाजपत्रके संमत झाली; त्यांतील अखेरचे, २०२५-२६चे, १२,६१८ कोटी रुपयांचे होते. अधिकारी कर्तबगार नव्हते असे आम्ही म्हणत नाही. पण त्यांना ‘का?’ असे विचारणारा कोणी नव्हता. याच शहराच्या नगरपालिकेत १८७६ ते १८८२ या काळात महात्मा जोतीराव फुले सभासद होते. ते सरकारनियुक्त होते. तरीही व्हाइसरॉय लिटन यांच्या स्वागतावर करदात्यांचा पैसा उधळण्यास त्यांनी निर्भयपणे विरोध केला. परकीय अमलातही पुण्याच्या सभागृहात एक ‘नाही’ ऐकू येत होता. स्वराज्यात पावणेचार वर्षे सभागृहच रिकामे राहिले!

वारज्याला निदान १९९७ सालापासून महापालिकेची सवय आहे. शिवणे-उत्तमनगर ओलांडून पुढे गेल्यावर लागणाऱ्या कोंढवे-धावडे गावाची अवस्था पाहा. ३० जून २०२१ रोजी २३ गावांसह ते पुण्यात आले. ग्रामपंचायत गेली, आणि नगरसेवक मात्र साडेचार वर्षे मिळाला नाही. मुठेच्या पलीकडील नांदेड, किरकटवाडी, खडकवासला ही गावेही त्या २३ मध्येच होती. जानेवारी २०२५ मध्ये त्या परिसरात गुलियन-बारे आजाराची साथ पसरली, तिचा संबंध दूषित पाण्याशी जोडला गेला आणि पुणे परिसरातील संशयित रुग्णांची संख्या दोनशेच्या पुढे गेली. नगरसेवक असता तर साथ आलीच नसती, असा भाबडा दावा आम्ही करीत नाही. पण विहिरीच्या पाण्याविषयी रात्री-अपरात्री ज्याचे दार ठोठवावे, असा हक्काचा माणूस त्या गावांजवळ नव्हता, एवढे सत्य आहे.

लोकसभेच्या बाबतीतही पुण्याने हाच अनुभव घेतला. २९ मार्च २०२३ रोजी खासदार गिरीश बापट यांचे निधन झाले. पोटनिवडणूक झाली नाही. उच्च न्यायालयाने डिसेंबरमध्ये ती तत्काळ घेण्यास सांगितले, पुढे त्या आदेशास स्थगिती मिळाली, आणि जागा सार्वत्रिक निवडणुकीपर्यंत रिकामीच राहिली. वारजे बारामती मतदारसंघात असल्यामुळे ते या पोकळीतून वाचले. कोथरूड वाचले नाही.

तारीख अनिश्चित राहिली की सर्वाधिक नुकसान होते ते प्रतिस्पर्ध्याचे. सरासरी ऐंशी हजारांहून अधिक लोकवस्तीच्या प्रभागात चार वर्षे तयारीत राहणे धनिकाला परवडते. निवृत्त शिक्षकाला किंवा सोसायटीच्या पाण्यासाठी झटणाऱ्या गृहिणीला परवडत नाही. यंदा राज्यात साठांहून अधिक उमेदवार बिनविरोध आले, बहुतेक सत्तापक्षांचे. पुण्यातही दोन जागा तशाच गेल्या. दबाव वा आमिष होते काय, याचे अहवाल आयोगास मागवावे लागले. नोव्हेंबर २०१८ मध्ये याच आयोगाने ठरविले होते, की ‘वरीलपैकी कोणीही नाही’ या पर्यायास सर्वाधिक मते पडल्यास फेरनिवडणूक घ्यावी. पण जेथे मतदानच होत नाही, तेथे मतदाराने ते बटन दाबावयाचे कोठे?

म्हणून आमची मागणी तीन गोष्टींची आहे. प्रभागरचनेचा अधिकार आयोगाकडे परत जावा आणि मुदतीच्या अखेरच्या वर्षात रचनेस कोणीही हात लावू नये. मुदत संपण्याच्या सहा महिने आधीच मतदानाची तारीख जाहीर व्हावी. आणि एकच उमेदवार उरला तरी त्यास ‘कोणीही नाही’ या पर्यायाविरुद्ध मतदारांपुढे उभे राहावे लागावे.

पुढील निवडणुकीची वेळ २०३१ साली येईल. तेव्हा सत्तेवर कोण असेल, हे आज कोणीच सांगू शकत नाही, आणि म्हणूनच नियम करण्यास हीच वेळ योग्य आहे. वारज्याच्या सुशिक्षित मतदाराने बोटावरची शाई पुसट होण्यापूर्वी आपल्या नव्या नगरसेवकांस एवढेच विचारावे: तुमची मुदत संपेल त्या दिवशी तुम्ही आमच्यापुढे परत येणार ना?