उतरलेलं वजन पुन्हा का चढतं?

मुंबईतल्या घोडपदेवच्या एखाद्या चाळीत कुणी दहा-पंधरा किलो वजन उतरवलं की आधी विचारणा होते, “आजारी होतास का रे? गालफडं बसली की!” वर्षभरात ते वजन परत आलं की शेरा मिळतो, “जिभेवर ताबा नाही, दुसरं काय!” या शेऱ्यानं फार नुकसान होतं, कारण ज्याला तो मिळतो त्यालाही तो खराच वाटतो.

तो खरा नाही. वजन घटलं की शरीर ते परत मिळवायच्या मागे लागतं. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी 2011 मध्ये दाखवून दिलं, की वजन उतरवल्याला वर्ष झालं तरी भूक चेतवणारं घ्रेलिन हे संप्रेरक वाढलेलंच असतं आणि पोट भरल्याचा निरोप देणारी संप्रेरकं कमी पडलेली असतात. अमेरिकेतले संशोधक केविन हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा हिशोब सांगतो, की उतरलेल्या प्रत्येक किलोमागे शरीराचा खर्च दिवसाला 20 ते 30 कॅलरींनी घटतो, भूक मात्र सुमारे 100 कॅलरींनी वाढते. म्हणजे दहा किलो उतरवणाऱ्याचा नुसता खर्चच जवळपास एका वडापावाएवढा कमी झालेला असतो. तो पूर्वीइतकंच जेवला तरी काटा वर सरकणार. यात त्याच्या मनाचा दुबळेपणा कुठे आला?

म्हणूनच “टार्गेट गाठलं, आता डाएट संपलं” हा समज महागात पडतो. डाएट कोणतं, दीक्षित की दिवेकर, यावर मराठी घरांत कडाक्याचे वाद झाले. डॉ. जगन्नाथ दीक्षित दिवसातून दोनदाच आणि प्रत्येक वेळी 55 मिनिटांच्या आत जेवायला सांगतात. ऋजुता दिवेकर थोडं थोडं, घरचं, वेळच्या वेळी खायला सांगतात. माझ्या मते वाद चुकीच्या जागी रंगला. एकूण खाणं आवरलं की वजन बहुतेक पद्धतींनी उतरतं. रात्रपाळी, उपास, लग्नसराई, गणपती हे सगळं सांभाळून पाच वर्षांनीही जी पद्धत निभेल, ती आपली.

भात कायमचा सोडायचीही गरज नाही. भात थोडा कमी वाढून घ्यावा आणि ताटात उसळ, घट्ट वरण, अंडं, मासळी यांना जागा करावी. उतरलेल्या वजनात साधारण पाव हिस्सा चरबी सोडून इतर घटकांचा असतो आणि त्यात स्नायूही असतात. ते टिकवायला प्रथिनं लागतात, तसा ताकदीचा व्यायामही लागतो: जिने चढणं, खुर्चीतून हात न टेकता उठणं, वजनं उचलणं. किडनीचा त्रास असेल तर प्रथिनं वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारावं.

“रोज चालतो, मग काय हवं ते खातो,” हेही नेहमी कानावर येतं. घोडपदेवातल्या आधीच्या पिढीनं गिरणीत उभ्यानं पाळ्या केल्या, गोदीत ओझी वाहिली. त्यांचं जेवण त्या कष्टांत जिरायचं. राणीच्या बागेतल्या अर्ध्या तासाच्या फेरीत तेवढं जिरत नाही. तरीही चालणं सोडू नये, उलट वाढवावं. अमेरिकेत 1994 पासून घटलेलं वजन टिकवणाऱ्यांची एक नोंदवही ठेवली जाते. त्यातले बहुतेकजण रोज तासाभराच्या आसपास हालचाल करतात.

वजन उतरवणारी नवी इंजेक्शनं 2025 मध्ये भारतात आली. ‘कोर्स पूर्ण झाला की सुटलो’ असं त्यांचं नाही. त्यातलंच सेमाग्लुटाइड हे औषध थांबवलेल्यांचं, 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, उतरलेल्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश वजन वर्षभरात परत आलं होतं. रक्तदाबाची गोळी बंद केल्यावर दाब चढावा, तसंच हे. तेव्हा सुरू करतानाच डॉक्टरांना विचारावं: किती काळ घ्यायचं, खर्च किती येईल, थांबवायचं झालं तर कसं?

राहिला वजनकाटा. त्याला घाबरून तो पलंगाखाली सरकवू नये. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, सकाळी उपाशीपोटी वजन करावं. पापड-लोणच्याच्या खारट जेवणानंतर एखादा किलो वाढलेला दिसला तर ते बहुधा पाणी असतं, दोन-तीन दिवसांत उतरतं. पण सलग तीन आठवडे काटा चढताच राहिला, तर दोन किलोवरच सावध व्हावं आणि संध्याकाळच्या फरसाणापासून सुरुवात करावी. दहा किलो होईपर्यंत थांबू नये.