मालिकेवरची चर्चा आणि टीआरपीचं गणित

दैनंदिन मालिकेचा भाग संपताच चाहत्यांची चर्चा सुरू होते. कुणी खलनायिकेवर तोंडसुख घेतो, तर कुणी पाणी घालून कथा वाढवणाऱ्या लेखकाला धारेवर धरतो.

स्टार प्रवाहवरील ‘आई कुठे काय करते!’ (२०१९ ते २०२४) हे याचं ठळक उदाहरण. मूळ बंगाली ‘श्रीमोयी’वर बेतलेल्या या मालिकेत मधुराणी प्रभुलकर यांची अरुंधती घराघरांत पोहोचली. मिलिंद गवळी यांच्या अनिरुद्धला मात्र प्रेक्षकांनी मनसोक्त शिव्या घातल्या.

मालिकेचं भवितव्य बऱ्याच अंशी टीआरपीवर, म्हणजे ती किती पाहिली जाते यावर ठरतं. हे मोजमाप ‘बार्क’ ही संस्था करते. वाहिनीच्या आवाजात कानाला न जाणवणारी खूण मिसळलेली असते. निवडक घरांतला मीटर ती टिपतो आणि टीव्हीसमोर कोण बसलं आहे, हे घरातली माणसं बटण दाबून नोंदवतात. ही घरं कोणती, हे गुप्त ठेवलं जातं. आकडे दर आठवड्याला येतात.

त्यामुळे अशा घरातला, राग येऊनही रोज मालिका पाहणारा प्रेक्षक टीआरपीत भरच घालतो. मोबाइल ॲपवर पाहिलेला भाग मात्र या आकड्यात धरला जात नाही.

भाग आधीच चित्रित झालेले असल्याने प्रेक्षकांच्या नाराजीचा परिणाम कथेत काही काळानेच दिसतो.