इंग्रजी वाक्यातील काळाची निवड

आईने हाक मारली असता मूल आतूनच 'आलोच!' म्हणते. ते जागचे हललेलेही नसते, तरी रूप भूतकाळाचे. मराठीत यात वावगे काही नाही. इंग्रजीत मात्र 'आय अॅम कमिंग' असेच म्हणावे लागते.

अधिक घोटाळा होतो तो पुढील ठिकाणी. 'मामा काल आले आहेत' हे मराठी वाक्य निर्दोष आहे. विद्यार्थी त्याचे 'माय अंकल हॅज कम यस्टर्डे' असे रूपांतर करतो व वहीवर तांबडी फुली पडते. ती का पडली हे त्यास उमगत नाही. कारण 'आहेत'साठी 'हॅज' त्याने शिकविल्याबरहुकूमच योजलेले असते. (आदरार्थी बहुवचन पाहून कोणी 'हॅव'ही लिहितो, तो प्रश्न निराळा.) 'काल', 'गेल्या सोमवारी', '1962 साली' असा सरलेल्या वेळेचा स्पष्ट निर्देश असल्यास इंग्रजीत 'केम' हेच रूप हवे. 'यस्टर्डे' गाळल्यास 'हॅज कम' पुन्हा शुद्ध ठरते.

'मी दोन वर्षांपासून येथे राहतो' यात उलट प्रकार आहे. मराठीत वर्तमानकाळ, इंग्रजीत 'आय हॅव लिव्ह्ड हिअर फॉर टू इयर्स'. 'पासून' दिसताच मुले 'सिन्स' लिहितात. परंतु 'सिन्स'पुढे आरंभाची वेळ यावी, मुदत नव्हे.

म्हणून भाषांतरापूर्वी शिक्षकांनी फळ्यावर एक आडवी रेघ ओढावी, तीवर 'आता'ची खूण करावी आणि क्रिया केव्हा घडली, ती अजून चालू आहे काय, हे मुलाकडूनच रेघेवर दाखवून घ्यावे. क्रियापद त्यानंतर विचारावे.