'पिन'चं 'सेव्ह' का झालं? अ‍ॅपमध्ये नवं फीचर येतं कसं, हे भिवंडीच्या एका ब्लाउजवरून समजून घ्या

गेल्या लग्नसराईतली गोष्ट. आत्येबहिणीला हळदीसाठी ब्लाउज शिवायचा होता. भिवंडीत आमच्या गल्लीत एक काकू शिलाई करतात, त्यांच्याकडे गेलो. बहिणीने मोबाइल पुढे केला. पिंटरेस्टवरचा फोटो होता. पाठीचा खोल गळा, त्याला लटकन, कोपरापर्यंत बाही. एकदम भारी.

काकूंनी दोन बोटांनी फोटो मोठा केला आणि विचारलं, "पुढून कसा आहे?"

पुढून फोटोच नव्हता. "कापड कुठलं आहे गं?" माहीत नाही. "अस्तर लावलंय का आत?" माहीत नाही. "हुक पुढे की मागे?" बहिणीने फोटोखालच्या लिंकवर टॅप केलं, तर ती वेबसाइटच बंद पडलेली.

तरी ब्लाउज शिवला. फोटोतला गळा ताठ उभा होता. आमचं कापड पातळ जॉर्जेटचं, त्यामुळे तो पाठीवर लोळत राहिला. हळदीला ओढणी घेऊन वेळ मारून नेली. काकूंना बोलायची सोय नव्हती, त्यांनी आधीच सांगितलं होतं, "याला कडक कापड लागतं."

आता गंमत बघा. हे सगळं भिवंडीत घडतंय. यंत्रमागांचं गाव. मागांच्या खडखडाटात लहानाची मोठी झालेली माणसं इथे कापडाला नुसता हात लावून सांगतात की सूत कुठलं आहे. आणि ऑनलाइन मागवलेल्या कापडाचं पार्सलही बऱ्याचदा मानकोली-अंजूरकडच्या गोडाऊनमधूनच निघतं. तरी फोटोतलं कापड कुठलं, हे सांगणारं कुणी नाही, कारण अ‍ॅपने ते कधी विचारलंच नाही.

मग अ‍ॅपवाले काय विचारायचं आणि काय नाही, हे ठरवतात कसं? नवीन बटण, नवीन फीचर येतं कुठून?

पिंटरेस्ट सुरू झालं २०१० मध्ये. बेन सिल्बरमन, पॉल सियारा आणि इव्हान शार्प हे तिघे संस्थापक. सिल्बरमनला लहानपणी किडे गोळा करायचा नाद होता. आवडलेल्या गोष्टी गोळा करून मांडून ठेवायच्या, ही अ‍ॅपची कल्पना तिथूनच आली असं तो सांगतो. शार्प आर्किटेक्चर शिकलेला, त्यामुळे फोटोंची ती उभी-आडवी जाळी कशी दिसावी यावर त्यांनी कित्येक आवृत्त्या घासल्या. पण लोक काही येईनात. नऊ महिने झाले तरी वापरणारे दहा हजारांच्या आतच. तेव्हा सिल्बरमनने पहिल्या पाच हजार लोकांना स्वतः लिहिलं, काहींना आपला मोबाइल नंबर दिला, काहींना प्रत्यक्ष भेटला. आज याला मोठ्या कंपन्यांत 'यूजर रिसर्च' म्हणतात आणि त्यासाठी वेगळी माणसं नेमतात. तेव्हा तो फक्त लोकांशी बोलत होता.

या रिसर्चने काय बदलतं? दोन छोटी उदाहरणं सांगते, मग मुख्य मुद्द्याकडे येते.

पहिलं, बटणावरचा शब्द. सुरुवातीला बटणावर लिहिलेलं असायचं 'पिन इट'. अमेरिकेत भिंतीवरच्या फळ्यावर टाचणीने कागद टोचायची सवय, त्यामुळे तिथे अर्थ लागायचा. बाहेरच्या देशांत लोक बटणाकडे बघत राहायचे. जून २०१६ मध्ये कंपनीने सरळ 'सेव्ह' लिहिलं. एक शब्द बदलला, बाकी काही नाही.

दुसरं, काढून टाकलेलं बटण. 'सेव्ह'च्या शेजारी हृदयाचं 'लाइक'ही होतं. दोन्हींत फरक काय, हे लोकांना कळत नव्हतं. एप्रिल २०१७ मध्ये पिंटरेस्टने 'लाइक' काढायचं जाहीर केलं आणि जुने लाइक वेगळ्या बोर्डात हलवले. फीचर डिझाइन करणं म्हणजे दरवेळी काहीतरी वाढवणं नसतं. माझ्या मते तर निम्म्या अ‍ॅप्समधून निम्मी बटणं काढली तरी कुणाच्या लक्षात येणार नाही. असो.

आता मुख्य मुद्दा: रंग.

कुणी मेकअप शोधला की समोर गोऱ्या चेहऱ्यांची रांग यायची. सावळ्या मुलीला आपल्यासारखा चेहरा हवा असेल तर शोधताना वेगळे शब्द जोडावे लागायचे: 'डार्क स्किन', 'ऑलिव्ह' वगैरे. इथे रिसर्च करणाऱ्याची नजर कामाला येते. शोधायच्या खिडकीत लोक जे जादाचे शब्द टाइप करतात ती एक प्रकारची तक्रारच असते, फक्त ती तक्रारपेटीत येत नाही. "मला हे न सांगता मिळायला हवं होतं," असं तो शब्द म्हणत असतो.

एप्रिल २०१८ मध्ये पिंटरेस्टने त्वचेच्या छटेनुसार निकाल गाळायची सोय चाचणीसाठी आणली. चार छटा-गट, त्यातला आपला निवडायचा. यात डिझाइनचा एक निर्णय फार महत्त्वाचा आहे. यंत्र फोटोतल्या त्वचेची छटा ओळखतं, पण वापरणारीची छटा ती स्वतः निवडते. अ‍ॅप तुमचा सेल्फी बघून "तुम्ही अमुक रंगाच्या" असं परस्पर ठरवत नाही. कुणी आपल्याला न विचारता रंगावरून खण्यात टाकलं तर कसं वाटेल? आपल्याकडे स्थळ बघायला आलेल्या माणसांनी 'मुलगी जरा सावळी आहे' म्हटलेलं ज्यांनी ऐकलंय, त्यांना हा फरक समजावून सांगायला नको.

आणि यंत्राच्या नजरेवर तेव्हा भरवसा ठेवण्यासारखी परिस्थितीही नव्हती. त्याच २०१८ साली जॉय बुओलाम्विनी आणि टिमनिट गेब्रू यांनी चेहऱ्यावरून स्त्री-पुरुष ओळखणाऱ्या तीन कंपन्यांच्या प्रणाली तपासल्या. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चूक जास्तीत जास्त ०.८ टक्के. गडद त्वचेच्या स्त्रियांच्या बाबतीत ती ३४.७ टक्क्यांपर्यंत गेली. त्वचेचे प्रकार पाडायची जी जुनी फिट्झपॅट्रिक पट्टी वापरली जाते, ती १९७५ ची. उन्हाने कातडी भाजते की रापते हे बघायला एका त्वचारोगतज्ज्ञाने ती केली, आणि सुरुवातीला तिच्यात फक्त गोऱ्या त्वचेचेच प्रकार होते. गडद छटा मागाहून आल्या.

पुढे २०२१ मध्ये पिंटरेस्टने केसांच्या प्रकारानुसार शोध आणला, २०२३ मध्ये शरीराच्या ठेवणीनुसार निकालांत विविधता आणायचं तंत्र आणलं. म्हणजे 'साडी' शोधल्यावर एकाच शिडशिडीत बांध्याच्या बायका दिसू नयेत, हा प्रयत्न.

पण आमच्या ब्लाउजचा प्रश्न यातल्या कशानेच सुटत नाही. म्हणून मी एक उद्योग केला. समजा या अ‍ॅपमध्ये एक नवं फीचर टाकायचंय, 'शिवून पाहिलं' नावाचं. ज्यांनी तो ब्लाउज खरोखर शिवला, त्यांनी आपला फोटो टाकायचा. कल्पना अगदी नवीन नाही. २०१६ मध्ये पिंटरेस्टनेच 'ट्राइड इट' नावाची सोय आणली होती, त्यात रेसिपी वगैरे करून पाहिली की फोटो आणि अनुभव टाकता यायचा.

कागदावर पेन्सिलने चार स्क्रीन काढल्या. याला प्रोटोटाइप म्हणतात आणि तो कागदाचाच असलेला बरा, कारण कागदावरचं चित्र कच्चं दिसतं आणि लोक बिनधास्त नावं ठेवतात. माणसं किती? डिझाइनच्या क्षेत्रात जेकब निल्सन यांचं २००० सालचं एक म्हणणं प्रसिद्ध आहे: पाच जणांवर चाचणी घेतली तरी वापरातल्या सुमारे ८५ टक्के अडचणी सापडतात. मीही पाच जणी गाठल्या. काकू, त्यांच्याकडच्या तीन गिऱ्हाइकं आणि माझी आई.

पहिली चूक मीच केली. "असं फीचर आवडेल का?" असं विचारलं. पाचही जणी "हो, छान आहे" म्हणाल्या. घरी आलेल्या पोरीला कोण नाही म्हणणार? रिसर्चमध्ये या प्रश्नाला किंमत नाही. विचारायचं असतं, "मागच्या वेळी काय केलंत ते दाखवा."

तसं विचारल्यावर चित्रच बदललं. तिन्ही गिऱ्हाइकांपैकी कुणीच अ‍ॅपमध्ये 'सेव्ह' केलं नव्हतं. सगळ्यांनी स्क्रीनशॉट काढला होता आणि काकूंना व्हॉट्सअ‍ॅप केला होता. काकूंनी तर ते अ‍ॅप आयुष्यात उघडलेलं नाही. त्यांच्या फोनमध्ये मात्र असे शेकडो स्क्रीनशॉट आहेत. म्हणजे त्या फोटोचा सगळ्यात बारकाईने वापर करणारं माणूस अ‍ॅपच्या हिशेबात कुठेच नाही. स्क्रीनशॉटमध्ये लिंक राहत नाही, डिझाइन करणाऱ्याचं नावही राहत नाही.

मग मी कागदावरच्या 'तुमचा फोटो टाका' या बटणावर बोट ठेवलं. एक वहिनी लगेच म्हणाल्या, "पाठीचा फोटो? माझा? सासरी कुणी बघितला तर?" दुसरीने नुसती मान हलवली. आधी "छान आहे" म्हणणाऱ्या याच दोघी. माझ्या फीचरचं मुख्य बटणच कुणी दाबणार नव्हतं.

तोडगा काकूंनी काढला. त्या शिवून झालेला ब्लाउज हँगरला लावून फोटो काढतात, पुढून एक आणि मागून एक, चेहरा नाही, अंग नाही. आणि त्यांना लिहायचं काय असेल तर तेही त्यांनी सांगितलं: कापडाचं नाव, अस्तर आहे की नाही, हुक कुठे, आणि कापड किती लागलं. "साडीसोबतच्या ८० सेंटिमीटरच्या पिसात मोठ्या मापाला कोपरापर्यंत बाही बसत नाही. हे आधी कळलं तर रडारड तरी नाही होणार."

दुसऱ्या कागदावर मी वहिनींचं बटण खोडून टाकलं. वर चार ओळी, खाली हँगरचे दोन फोटो, आणि कोपऱ्यात 'शिंप्याला पाठवा'. हे दाबलं की या चारही ओळी फोटोवरच छापून व्हॉट्सअ‍ॅपवर जातील, म्हणजे स्क्रीनशॉट घेतला तरी माहिती सुटणार नाही. खऱ्या कंपनीत यापुढे हे थोड्या लोकांना दाखवून, बाकीच्यांना जुनं ठेवून तुलना केली असती. त्याला ए/बी टेस्ट म्हणतात. माझ्याकडे 'बी' पुरतीही माणसं नव्हती.

एक अडचण मात्र मी विचारातच घेतली नव्हती. हल्ली अशा अ‍ॅपवरचे कित्येक फोटो एआयने बनवलेले असतात. तक्रारी वाढल्यावर पिंटरेस्टने २०२५ मध्ये अशा फोटोंवर लेबल लावायला सुरुवात केली आणि ते कमी दिसावेत यासाठी सेटिंगही आणलं. पण स्क्रीनशॉटमध्ये ते लेबल येईलच असं नाही.

उठताना काकूंना त्यांच्याच फोनमधला एक स्क्रीनशॉट दाखवला. चमकदार पैठणी, बंद गळा, घट्ट बाही. खरा वाटतो का, विचारलं. त्यांनी चष्मा लावला, फोटो मोठा केला, पुढून-मागून बघितला. हुक नाही, चेन नाही, नाडी नाही, काखेत शिवण नाही.

"काम सुबक आहे," त्या म्हणाल्या, "पण बाईने यात शिरायचं कुठून?"