दारू, भरपाई आणि गटारातला माणूस

गटारात उतरणारा माणूस का पितो, हे वस्तीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. शुद्धीवर राहून त्या घाणीत हात घालवत नाही. मुकादमालाही ते ठाऊक असते. पुष्कळदा त्याच्या डोळ्यांदेखतच बाटली उघडते. पण अपघात झाला, की कालपर्यंत कामाची गरज असलेली हीच दारू कागदावर कामगाराचा गुन्हा ठरते. अशा घरांचे अर्ज मी लिहून देतो. बायको विचारते, "भाऊ, त्ये पिऊन व्हते म्हनं. आता काय बी मिळायचं न्हाई का?" तिच्या कानात हे घालणारा बहुधा कंत्राटदार असतो.

कायदा मात्र तसे म्हणत नाही. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने मालकाला एक पळवाट ठेवली होती. कामगार दारूच्या किंवा मादक पदार्थाच्या अमलाखाली होता आणि थेट त्यामुळेच अपघात घडला, तर भरपाई नाही. २०२० ची सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली, जुना कायदा गेला, पण ही तरतूद नव्या संहितेतही आहे. मात्र मृत्यू ओढवला असेल तर ही सबब चालतच नाही. १९९५ च्या दुरुस्तीने कायमच्या संपूर्ण अपंगत्वालाही तेच संरक्षण मिळाले. उरल्या इतर जखमा. तिथेही 'थेट' हा शब्द महत्त्वाचा. तोंडाला वास येत होता एवढ्याने भागत नाही. दारूमुळेच अपघात झाला हे मालकाने सिद्ध करायचे. मॅनहोलमधला विषारी वायू काही प्यालेला कोण आणि माळकरी कोण हे विचारून अंगावर येत नाही!

गटारातल्या मृत्यूंसाठी सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली १० लाख रुपये द्यायला सांगितले, २०२३ मध्ये ती रक्कम ३० लाख केली. वस्तीत किती घरांना हा आकडा माहीत आहे?

अपघात विम्याचे गणित निराळे. तिथे कायदा नव्हे, करार बोलतो; आणि नशेत झालेला अपघात बहुतेक विमापत्रांत वगळलेला असतो, मृत्यू असला तरी. हिमाचल प्रदेशातल्या वन महामंडळाचा एक चौकीदार १९९७ साली मरण पावला. अतिमद्यपानाने आलेला मृत्यू अपघात ठरत नाही, म्हणून विमा कंपनीवर जबाबदारी नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये दिला. तेव्हा विम्याचा नकार आला म्हणजे मालकाकडची भरपाईही बुडाली असे समजू नये. दोन्ही वाटा वेगळ्या आहेत, आणि घरच्यांची फसगत नेमकी इथेच केली जाते.

आजारपणाच्या विम्यात तर विसंगती उघडीनागडी दिसते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने दारू व अमली पदार्थांच्या व्यसनाशी जोडलेल्या मानसिक अवस्थांना मानसिक आजार म्हटले, आणि मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखाच विमा द्या, असे विमा कंपन्यांना बजावले. पण विमा नियामकाने २०१९ साली वगळण्याच्या बाबींची जी ठरीव भाषा दिली, तिच्यात व्यसनाचे उपचार आणि त्यांचे परिणाम वगळण्याची मुभा आहेच. एका कागदावर आजार, दुसऱ्यावर स्वतःचे कर्म.

आणि कारखान्याच्या आदर्श स्थायी आदेशांत? महाराष्ट्रात तिथे आस्थापनेच्या आवारातला मद्यधुंदपणा गैरवर्तनाच्या यादीत बसवलेला आहे. मोठ्या कंपनीतल्या साहेबाच्या पिण्याला 'ताण' म्हणतात, त्याच्यासाठी समुपदेशक ठेवतात. झाडूवाल्याला नोटीस. कंत्राटी कामगाराला तर नोटीसही नाही, उद्यापासून येऊ नको एवढे तोंडी सांगितले की झाले.

शवविच्छेदनाच्या अहवालात दारू लिहिली आहे म्हणून कोणी अर्ज मागे घ्यायला लावले, तर घेऊ नये. हजेरीची नोंद, पोलिसांचा पंचनामा, त्या दिवशी कामावर कोणी पाठवले त्याचे नाव, एवढे आधी हाती घ्यावे. कंत्राटदार पसार झाला तरी ज्या संस्थेचे काम तो करून घेत होता, तिच्याकडे भरपाई मागता येते. तिने ती मागाहून कंत्राटदाराकडून वसूल करावी.